कडू पाणी

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. बाळकुमच्या खाडीकाठी भरणीच्या मिठागरावर कुंड्या, म्हणजे मीठ पिकवायचे उथळ वाफे, तुडवायचं काम चाललं होतं. सहा बाया एका ओळीत, एकमेकींच्या खांद्यावर हात, लुगडी गुडघ्यावर खोचलेली, आणि टाचा आपटत चिखल घट्ट करायचा. कुंडीचा तळ दगडासारखा झाला नाही तर मिठात माती येते, आणि मग आगराच्या मालकाची, शेठची, शेलकी बोलणी ऐकावी लागतात. सगुणा ओळीच्या कडेला होती. कडेच्या बाईला वळताना जास्त चालावं लागतं, म्हणून ती जागा कोणी मागत नाही. सगुणा मागून घ्यायची. कडेवरून सगळं दिसतं ना! कोण आलं, कोण कोणाशी बोललं, कोणाच्या हातात काय आहे. तिची सासू म्हणायची, हिला कुणी दूध दिलं तर ही आधी म्हशीची चौकशी करील.

त्या दिवशी बांधावरून नवरा येताना दिसला आणि त्याच्या हातात कागद होता. सगुणाचे पाय थांबले. ओळ तुटली. बाया ओरडल्या.

परशुराम आठ वर्षं या आगरावर सरकारी मीठ खात्याचा हंगामी कारकून होता. त्याआधी तो टोपलीवाला होता. कुंडीतून मिठाची टोपली डोक्यावर घ्यायची, बांधावरून पळत जायची, राशीवर ओतायची. एका चैत्रात ओल्या बांधावरून त्याचा पाय सरकला आणि भरली टोपली उजव्या खांद्यावर आली. हाड बसलं, पण वाकडं बसलं. मराठी सातवी झालेला गडी, अक्षर मोत्यासारखं. तेव्हाच्या साहेबाने बघितलं आणि वही हातात दिली. भट्टीच्या विस्तवातून उचलून गादीवर ठेवावं तसं झालं. खात्याकडून तो राशी मोजायचा, शिक्के मारायचा, आणि मुख्य म्हणजे कडू पाणी सुटतं की नाही ते बघायचा. कुंडीत मीठ बसलं की वर जे पाणी उरतं ते कडू असतं. ते बांधाला खाच पाडून खाडीत सोडून द्यायचं. नाही सोडलं तर मिठाचं वजन वाढतं, पण मीठ कडवट होतं आणि पावसाळ्यात पाझरतं. शेठला वजन हवं असतं, म्हणून तर सरकारचा माणूस लागतो. परशुरामने आठ वर्षांत एकदाही ते पाणी राहू दिलं नव्हतं.

"कसला कागद हाय?" सगुणाने चिखलातूनच विचारलं.

"परीक्षा हाय," परशुराम म्हणाला. "हंगामी सगळे बंद. इथून कासारवडवलीपर्यंतच्या आगरांना मिळून एकच पक्का निरीक्षक. आधी लेखी, मग तोंडी. आमाला वयाची सूट दिली हाय, पण या वक्ताला एकदाच."

"आनि नापास झालात तर?"

परशुरामने डाव्या हाताने उजवा खांदा चोळला, आणि तेच उत्तर होतं.

संध्याकाळी ओटीवर शेजारची बायजा आली, म्हातारा दगडू आला. बायजाला सगळ्या जगाची आतली बातमी. ती म्हणाली, "परीक्षा-बिरीक्षा काय नसते गो. नाव आधीच ठरलेलं असतं. कागद दाखवायला काढतात. सायबाकडं काहीतरी घेऊन जावं लागतं."

"मी तेच बोलतंय," सगुणा म्हणाली. "दोन कोंबड्या न्या. नवे तांदूळ न्या. रिकाम्या हाताचा माणूस सायबाच्या डोळ्यात भरत नाय."

"पेपरावर नाव नसतं," परशुराम म्हणाला. "नंबर असतो. कुनाचा पेपर हाय ते तपासनाऱ्याला कलत पन नाय."

"माणसाचा नंबर? म्हंजे आठ वर्सं उन्हात उभा ऱ्हायलेला आनि काल शाळंतून सुटलेला, दोगांचा नुसता नंबर?"

"तेच तर बरं हाय."

"जल्लं ते बरं!" सगुणा म्हणाली.

दगडू इतका वेळ नुसती विडी ओढत होता. परशुरामला वही मिळाली तेव्हा दगडू त्याच्याहून पंधरा वर्षांनी जुना गडी होता, आणि पाण्यात बोट बुडवून मीठ कधी बसेल ते सांगायचा. तो म्हणाला, "सगुणा, तुज्या दादल्याला वही दिली तवा परीक्षा नव्हती. सायबानं बोट दावलं आनि दिली. मना कुनी विचारलं पन नाय. परीक्षा असती तर मी नापासच झालो असतो, मना लिवता येत नाय. पन कुनीतरी विचारलं तरी असतं."

सगुणाला हे बोलणं आवडलं नाही. म्हाताऱ्याच्या पोटात आठ वर्षं हेच होतं तर, असं तिच्या मनात आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिने दगडूला चहा जरा पातळच दिला.

लेखी परीक्षा पौषात, ठाण्याच्या एका शाळेत होती. दोघं पहाटे निघाले. परशुरामने लग्नातला कोट घातला होता; वाकड्या खांद्यावर तो एका बाजूने वर चढायचा. सगुणाने डोक्यावर वालाच्या शेंगांची टोपली घेतली होती. म्हणजे निमित्त बाजाराचं, पण खरं कारण तिला आत काय चालतं ते बघायचं होतं. माजिवड्यापासून पुढे तो तोंडातल्या तोंडात पाढे म्हणत चालला.

शाळेच्या आवारात शंभरेक पोरं जमली होती. गुळगुळीत दाढ्या, खिशाला पेनं. परशुराम त्यांच्यात उभा राहिला तेव्हा पोराला शाळेत घालायला आलेला बाप वाटला. घंटा झाली, सगळे आत गेले. सगुणा कुंपणाबाहेर चिंचेखाली शेंगा मांडून बसली. तिथून एका वर्गाची खिडकी आणि व्हरांडा दिसत होता.

थोड्या वेळाने तिने बघितलं तर परशुराम व्हरांड्यातून चालला होता, आणि त्याच्या हातात पाण्याची कळशी होती. डाव्या हातात कळशी, उजव्यात दोन पेले. तो एका वर्गात गेला, बाहेर आला, दुसऱ्या वर्गात गेला. सगुणा उठून उभीच राहिली. कुंपणाला हात लावला तर काटा घुसला, तो तिला घरी जाईपर्यंत कळला नाही.

तीन तासांनी तो बाहेर आला तशी ती तुटून पडली. "पानी कशाला वाटत होतात?"

"आतल्या मास्तरला वाटलं मी शिपाई हाय. मी दारात उभा होतो, जागा शोधत. बोलला, पोरांना पानी दे. मी दिलं."

"आनि सांगितलं नाय तुमी? मी परीक्षेला आयलोय म्हनून?"

"पोरं तान्हेली होती. मग सांगितलं. त्यो मास्तर माफी मागत होता बिचारा." परशुराम हसला. "पंधरा मिनटं गेली. निबंध अर्धा ऱ्हायला."

"कसला निबंध?"

"आगगाडीचा प्रवास. मी एकदाच गेलतो, लग्नात, आंबिवलीला. तवराच लिवला."

"मिठाचं काय विचारलं?"

"मिठाचं नाय विचारलं. आफ्रिकेतली मोठी नदी कंची ते विचारलं. ते मना आलं."

सगुणा टोपली डोक्यावर घेऊन पुढे चालायला लागली. बिचारा म्हणे! ज्याने तुझी पंधरा मिनिटं खाल्ली तो बिचारा. या माणसाला देवाने संशय नावाची वस्तूच दिली नाही, सगळी माझ्या वाट्याला दिली, असं तिला वाटलं, आणि त्याचा राग आला.

फाल्गुनात यादी लागली. परशुराम ठाण्याला जाऊन बघून आला. लेखीला पास झालेले दोनच तोंडीला बोलावले होते. एक परशुराम आणि दुसरा कल्याणचा कुणी महिपत शिर्के. परशुराम आठ गुणांनी खाली होता.

"बघा!" बायजा म्हणाली. "एकाला घ्यायचं ठरलेलं असतं, दुसऱ्याला शोभेला बोलवतात."

"आठच गुण," परशुराम म्हणाला. "निबंध पुरा झाला असता तर बरोबरी झाली असती. तोंडीला मिठाचंच विचारतील. ते मी सांगीन."

आता सगुणाला खरी आशा वाटायला लागली, आणि आशा वाटली तसा संशय दुप्पट झाला. आगर तेव्हा भर हंगामात होतं. कुंड्या पांढऱ्या झालेल्या, ऊन खालून वरून दोन्हीकडून लागायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. ती फावड्याने टोपल्या भरायची, पण निम्मं लक्ष वाटेकडे.

आणि एका दुपारी वाटेवर तो आला. बावीस-तेवीसचा पोरगा, अंगाने किडकिडीत, पायात टायरच्या चपला. चालताना बांधावर घसरत होता. परशुरामजवळ येऊन त्याने दोन्ही हात जोडले.

"मी महिपत शिर्के. कल्याणहून आलोय. तोंडीला तुमचं आणि माझं नाव आहे." तो थांबला. "मी मिठागर कधी बघितलेलं नाही. एकदा बघावं म्हटलं. दुसऱ्या आगरांवर गेलेलो, तिथे हाकलून दिलं."

कामावरची सगळी माणसं थांबून बघायला लागली. सगुणाला वाटलं, आता तरी हा माणूस दोन शब्द सुनावील. काय ते धाडस! ज्याचं घर घ्यायचं त्याच्याकडेच किल्ली मागायला आला.

परशुराम म्हणाला, "चपला काढ. चपलेनं बांध खराब होतो. ये."

आणि दुपारभर त्याने त्या पोराला आगर दाखवलं. उधाणाचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या फळीच्या दारातून, कसं आत घ्यायचं, मोठ्या तळ्यात ते किती दिवस तापू द्यायचं, मग लहान तळ्यात, मग कुंडीत. पोरगा वहीत लिहीत होता. परशुरामने त्याचं बोट पाण्यात बुडवून वाळवायला लावलं, बोटावर पांढरं येतं ते दाखवलं. सगुणा टोपल्या भरता भरता ऐकत होती, आणि फावडं मिठात असं मारत होती की तळाची माती वर यावी.

जेवायला तिघं झोपडीच्या सावलीत बसली. पोराने डबा आणला नव्हता. परशुरामने आपली अर्धी भाकरी मोडून दिली, वर सुक्या बोंबलाची चटणी. पोरगा तिखटाने हाहू करत जेवला. जेवता जेवता बोलायला लागला. बाप रेल्वेच्या कारखान्यात हातोडा मारतो, मूळ साताऱ्याकडचे. कान गेलेत. पुढच्या वर्षी घरी बसवणार. खाली चार भावंडं. मॅट्रिकचा अभ्यास त्याने कंदिलाखाली, बापाच्या पाळ्या सांभाळून केलेला.

"आमचे वडील म्हणतात, परीक्षा आहे म्हणून तर आपल्याला दारात उभं करतात," तो म्हणाला. "नाहीतर आमची ओळख कोणाशी आहे?"

परशुराम मान डोलवत होता. सगुणाला मात्र एकच दिसत होतं. गरिबीच्या गोष्टी सांगून हा माणसाला पाझर फोडतोय. गरीब असला म्हणून काय झालं? चोर काय श्रीमंतच असतात?

तेवढ्यात भरतीचं पाणी चढायला लागलं आणि उघाडीवरून कुणीतरी हाक मारली. फळी अडकली होती. परशुराम धावला. सगुणा आणि तो पोरगा दोघंच राहिले.

पोराने वही उघडली. "काकी, एकच राहिलं. पुस्तकात लिहिलंय की मीठ बसल्यावर वरचं कडू पाणी सोडून द्यायचं. इथे सोडतात का?"

सगुणाने उघाडीकडे बघितलं. परशुराम कमरेपर्यंत पाण्यात उतरला होता, वाकड्या खांद्याने फळी ओढत होता. त्याचा चेहरा दुखण्याने कसा झाला असेल ते तिला एवढ्या लांबूनही माहीत होतं.

"नाय सोडत," ती म्हणाली.

"नाही?"

"पुस्तकवाल्याला काय म्हाईत? ते पानी ऱ्हाऊ द्यायचं, त्याच्यावर नवं घ्यायचं. त्यानं मीठ जड होतं. आमच्या बापजाद्यांपासून असंच हाय."

हे बोलताना तिची जीभ जराही अडखळली नाही. तिचा हिशेब सरळ होता. हा तोंडीत असं बोलेल, साहेब हसतील, म्हणतील याला काडीचं कळत नाही. मग परशुराम आत जाईल आणि बरोबर सांगेल. झालं. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर जळलं नाही.

पोराने सगळं लिहून घेतलं. खाली रेघ मारली. बोंबलाच्या तिखटाने त्याचे डोळे अजून लाल होते.

तो निघाला तेव्हा परशुराम ओलाचिंब परत आला. आगरावर पहिल्यांदा आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, राशीतलं मूठभर मीठ बांधून देतात. "सगुणा, पुडी दे गो त्याला," तो म्हणाला. सगुणाने राशीच्या पोटातलं, चांगलं पांढरं मीठ घेतलं, पळसाच्या पानात बांधलं आणि दिलं. पोराने पुडी कपाळाला लावली आणि खिशात ठेवली. तेव्हा तिला कसंतरीच झालं खरं. पण उन्हानं होतं तसं, असं तिने स्वतःला समजावलं.

चैत्रात तोंडी परीक्षा झाली. त्या दिवशी सगुणा ठाण्याला गेली नाही. देवापुढे दिवा लावला, आणि संध्याकाळी बोंबील न करता वालाचं बिरडं केलं. त्याला आवडतं म्हणून.

तो आला, कोट काढला, खुंटीला न लावता जमिनीवर टाकला. पाणी प्यायला. मग बोलायला लागला आणि मध्येच थांबायचा, परत मागचं सांगायचा.

"तीन सायब होते. पोराला आधी बोलवला. मग मना. मी आत गेलो तवा मधला सायब बोलला, परशुराम, तू भरणीच्या आगरावर हायस ना? मी बोललो, हा. तुझ्या आगरावर कडू पानी सोडतात का? मी बोललो, सोडतो सायब, रोज सोडतो. तर त्यो बोलला, मग आता जो आयला होता त्याला आगरावरच्या मानसांनीच सांगितलंय की सोडत नाय, वजन वाढायला ठेवतात. त्यानं वहीत लिवलंय. पुस्तकात काय हाय ते पन म्हाईत होतं त्याला, आनि जागेवर जाऊन काय चालतं ते पन त्यानं शोधून काढलं. आसाच मानूस आमाला पायजे. तुला आठ वर्सं कशासाठी ठेवलाय?"

सगुणाच्या हातातला पेला तसाच राहिला.

"मी काय बोलनार?" परशुराम म्हणाला. "बोललो, सायब, चला, आता बघा कुंडीवर. तर ते बोलले, आता काय, आता तू दोन दिसांत सगलं नीट करून ठेवशील. त्या पोराला मी अर्धी भाकर दिली गो. त्यानं आसं कशाला सांगावं?"

बाहेर बायजा आलीच होती. "मी बोलली होती! ठरलेलं होतं सगलं. त्या पोराला शिकवून पाठवलेलं, आगर बघायला नाय, तुला खड्ड्यात घालायला."

आणि परशुराम, ज्याला देवाने संशय दिला नव्हता तो परशुराम, जमिनीकडे बघत म्हणाला, "तसंच असंल."

सगुणाने त्या रात्री सांगायला हवं होतं. तिने तोंड उघडलंही, पण बाहेर आलं ते एवढंच, "जेवून घ्या." तो जेवला नाही. बिरडं आंबून गेलं.

पुढच्या सोमवारी खात्याने वही परत घेतली, आणि परशुराम शेठकडे जाऊन टोपली घेऊन आला.

आगरावर जोडी असते. एकाने फावड्याने भरायचं, दुसऱ्याने वाहायचं. सगुणा भरायची, परशुराम वाहायचा. पहिल्या दिवशी दहा-बारा खेपांनंतर त्याचा हात खांद्यातून थरथरायला लागला. मान डावीकडे टाकून तो चालायचा, मीठ घामातून डोळ्यात जायचं, पुसायला हात मोकळा नसायचा. सगुणा गुपचूप टोपली कमी भरायला लागली. वर उंच दिसेल अशी, पण आत पोकळ. तिला वाटलं त्याला कळत नाही.

तो आता कोणाशी बोलायचा नाही. दगडूने एकदा म्हटलं, "पोरगा तसा वाटत नव्हता रे." परशुरामने उत्तर दिलं, "तुला बरंच वाटलं असंल." म्हातारा विडी टाकून निघून गेला. घरी बायजा आली की परशुराम उठून आत जायचा. बाजारात वाण्याने तांदूळ मापला की माप परत बघायचा. पूर्वी हे सगळं सगुणा करायची आणि तो हसायचा. आता तो करत होता आणि तिला ते बघवत नव्हतं. माझा रोग यांना लागला, ती मनात म्हणायची. माझाच हात लागला.

वैशाखात, पावसाआधी मीठ उचलायची घाई चालली असताना, नवा निरीक्षक आगरावर आला. टायरच्या चपला हातात घेऊन, अनवाणी, बांधावरून नीट पावलं टाकत. सगळी माणसं थांबली. परशुराम थांबला नाही. रिकामी टोपली घेऊन तो कुंडीकडे येत होता तसाच आला आणि सगुणापुढे टोपली ठेवून उभा राहिला. पाठ पोराकडे.

महिपत एकेक कुंडी बघत आला. प्रत्येक कुंडीच्या बांधाला खाच होती. प्रत्येक खाचेतून कडू पाणी चरातून खाडीकडे चाललं होतं. चर जुना होता. वर्षानुवर्षं पाणी जाऊन त्याच्या कडा गुळगुळीत झालेल्या. ते कुणाला दोन दिवसांत करता येणारं काम नव्हतं. महिपत चरापाशी बसला, पाण्यात बोट घातलं, चाखलं, थुंकला. बराच वेळ बसला. मग उठून कुंडीपाशी आला.

"काकी," तो म्हणाला, "हे पाणी सोडतात इथे."

सगुणा फावडं धरून उभी.

"तुम्ही मला सांगितलेलं, सोडत नाहीत. मला वाटलं, पुस्तकापेक्षा इथल्या माणसाला जास्त ठाऊक असणार. म्हणून मी तेच सांगितलं. परशुरामकाकांचं नाव मी घेतलं नव्हतं, आगराचं घेतलं." त्याने खिशात हात घातला. पळसाचं वाळून कडकडीत झालेलं पान होतं. "आणि ही पुडी तोंडीच्या दिवशीपण खिशात होती. मी टेबलावर ठेवली. साहेबांनी ती बाजूला सारली. मी पण चाखलं नव्हतं. काल घरी उघडली. जराही कडू नाही."

परशुराम वळला. पोराकडे नाही, सगुणाकडे.

आता सुटका नव्हती. तिने फावडं मिठात रोवलं.

"मीच बोलली त्याला," सगुणा म्हणाली. "मुद्दाम बोलली. मना वाटलं, त्यो चुकंल आनि तुमी बरोबर सांगाल. ते त्याला खरं मानतील, हे माज्या डोक्यातच आयलं नाय."

दगडूने लांबून नुसती मान हलवली. शेजारच्या कुंडीवरच्या बायजाने पदर तोंडाला लावला.

महिपतने खिशाचं पेन काढलं. "मी लिहितो साहेबांना. झालं तसं लिहितो."

"लिव," परशुराम म्हणाला. तोंडी झाल्यापासून प्रथमच त्याचा आवाज सरळ निघाला. "काय लिवशील? की तुला जागा भेटली ती एका बाईच्या थापेवर भेटली? तुज्या बापाचे कान गेलेत ना? चार भावंडं हायेत ना?"

पेन उघडं होतं. पोराने कुंडीकडे बघितलं, चराकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. पायांना मिठाच्या पाण्याने पहिल्याच दिवशी चिरा पडल्या होत्या. सगुणा त्याच्या हाताकडे बघत होती. आयुष्यभर ती लोकांच्या हाताकडेच बघत आली होती. त्या हाताने पेनला टोपण लावलं आणि पेन खिशात गेलं. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. कशाच्या तोंडाने यावा?

"मी विचार करून लिहितो," महिपत हळू म्हणाला आणि पुढच्या कुंडीकडे गेला. जाताना एका खाचेत पानं अडकली होती ती त्याने वाकून काढली.

परशुराम तिथेच उभा होता. सगुणाला वाटलं, आता हा मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. आता शिव्या देईल, निदान म्हणेल, माझ्या घरात राहू नको. तिने सगळ्याची तयारी केली. आवो, एक शब्द बोला, असं तिला ओरडावंसं वाटलं.

त्याने वाकून टोपली तिच्या पायापाशी सरकवली.

तिने फावडं उचललं. नेहमीसारखी तिने टोपली भरली, वर उंच, आत पोकळ, आणि थांबली. त्याने डावा हात टोपलीत घातला, मीठ दाबलं. ढीग खाली बसला, टोपली निम्मी झाली. त्याला इतके दिवस सगळं माहीत होतं.

"भर," तो म्हणाला. "पुरी भर."